तीन गोण्या मीठ आणि महाराजांची प्रकृती

श्रीमत्-सकलपादत्राणरक्षक, छत्रादि-वर्षानिवारक-साधन-भांडारप्रमुख, पूर्वद्वारस्थ दीपतैलाचे उपनिरीक्षक (एकाआड एक दिवस), खड्गविद्येच्या तिसऱ्या वर्गातील अकरा वर्षांचे अनुभवी विद्यार्थी, कुरेहामा संस्थानाधिपती ओनिवा तादामुने महाराजांच्या एदो नगरीतील प्रासादाचे एकनिष्ठ सेवक, आणि सांप्रत, मुख्य निरीक्षकांचा पाय सुजल्यामुळे, प्रभारी निरीक्षक हिबिनो गेन्पाची यांनी स्वहस्ते, स्वबुद्धीने आणि स्वतःच्याच शाईने लिहिलेली ही गोपनीय दैनंदिनी. ही कोणीही वाचू नये. विशेषतः पत्नीने.

सहावा महिना, दिवस चौथा. असह्य उष्मा.

आज अपराह्णी प्रासादाच्या इतिहासातील सर्वांत गहन प्रकरण माझ्या स्कंधांवर येऊन पडले. कोठारातून तीन गोण्या मीठ नाहीसे झाले आहे.

मुदपाकखान्याचा प्रमुख जिन्बेई याने तशी लेखी तक्रार केली. तोंडी तक्रार असती तर तोंडीच विसरता आली असती. परंतु लेखी तक्रारीची चौकशी झालीच पाहिजे, असा आमच्या संस्थानाचा दंडक आहे. मुख्य निरीक्षक पाय उशीवर ठेवून पडले असल्याने ते पत्र फिरत फिरत माझ्या हाती आले. प्रधान कुसाका गेकी यांना मी ही वार्ता निवेदन केली, तेव्हा त्यांच्या मुखावरील रक्त क्षणार्धात ओसरले. एका क्षुल्लक मिठासाठी एवढी व्यथा! असे प्रधान ज्या संस्थानाला लाभतात ते धन्य होय.

वास्तविक सध्या त्यांच्या चिंतेला दुसरे सबळ कारण आहे. परवा, म्हणजे दोन तारखेस, धनुर्विद्येचा सराव करताना महाराज एकाएकी खाली बसले. तेव्हापासून ते अंतर्गृहात विश्रांती घेत आहेत. प्रधानजी, राजवैद्य केइआन आणि महाराजांची वृद्ध दाई ओमाकी या तिघांवाचून कोणालाही आत प्रवेश नाही. महाराज अवघे सेहेचाळीस वर्षांचे, परंतु निपुत्रिक. आणि शोगुनांचा नियम सर्वश्रुत आहे. दत्तक घेण्यापूर्वी संस्थानिकाने डोळे मिटले, तर संस्थान खालसा. दत्तक घ्यायचा तर शोगुनांच्या परीक्षकाने स्वतः रुग्णशय्येपाशी यावे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत संस्थानिकाने दत्तकपत्रावर आपल्या हाताने मुद्रा उमटवावी. न उमटली, तर आमची तीनशे कुटुंबे रस्त्यावर. धनी गमावलेले सामुराई पोटासाठी छत्र्या बांधत बसतात, हे आपण पाहतोच. इतरांचे कसे होईल कोण जाणे. मला निदान छत्र्यांचा अनुभव आहे.

सुदैवाने महाराज हयात आहेत. त्यांचे चुलतबंधू काझुए यांना दत्तक घेण्याचे ठरले असून त्यांना आणण्यास स्वार धावला आहे. जाण्यास चार दिवस, येण्यास आठ. तोवर मी मिठाकडे पाहतो.

दिवस पाचवा.

शोधकार्यास प्रारंभ. कोठाराच्या दारापासून मिठाचे कण दिसले. चौकशीचे शास्त्र सांगते की मागोवा घेताना दृष्टी भूमीलगत असावी. तेव्हा अस्मादिक हातापायांवर रांगत, तलवार शेपटीसारखी वर उभी धरून, उत्तरेच्या सोप्यातून थेट अंतर्गृहाच्या दारापर्यंत पोहोचले. तेथे समोर दोन पांढरे मोजे दिसले. त्यांत ओमाकी होती.

तिने विचारले, काय हरवलंय? मी म्हणालो, मीठ. ती म्हणाली, आजाऱ्याच्या खोलीत अमंगळ शिरू नये म्हणून उंबऱ्यावर मीठ टाकतात, हे तुमच्या आईनं शिकवलं नाही का?

मी विनयाने निदर्शनास आणले की उंबऱ्याला चिमूटभर पुरते. तीन गोण्या म्हणजे फार होते.

"या घरातलं अमंगळ तुम्ही कुठं बघितलंय, हिबिनो," ती म्हणाली. "तीन पुरल्या तर मी देवाला नवस फेडीन. उठा आता. गुडघे झिजतील."

तिचे नेत्र आरक्त होते. रात्रंदिन शुश्रूषा करून आलेला शीण, दुसरे काय.

दिवस सातवा.

काल काही घडले नाही, म्हणून काल लिहिले नाही. आज पुष्कळ घडले.

मीठच नव्हे, तर हलक्या प्रतीच्या चहाच्या दोन पेट्या आणि देवघरातला वर्षभराचा धूपही गायब आहे. तक्रारदार जिन्बेई याची विस्तृत जबानी घेतली. हा मनुष्य अठरा वर्षे महाराजांसाठी स्वयंपाक करीत आहे. तो म्हणाला, मीठ गेलं ते गेलंच, पण या घरात चमत्कार झालाय. महाराजांकडे तिन्ही त्रिकाळ ताट जाते आणि रिकामे परत येते. वाम माशाचे दोन तुकडे पाठवले, दोन्ही संपले. सूप संपले. इतकेच नव्हे, तर गोबोची मुळेही संपली!

आता महाराजांना गोबो आवडत नाही हे प्रासादातील मांजरालाही ठाऊक आहे. "झाडाची मुळं खायला मी काय रानडुक्कर आहे?" असे ते भर मेजवानीत म्हणाले होते, आणि त्या दिवशी जिन्बेई चुलीमागे बसून रडला होता. आज तो पुन्हा रडला, परंतु आनंदाने.

"वाडगं चाटून पुसून येतंय, साहेब. अठरा वर्षं म्हणत होतो, एकदा चव घेऊन बघा. शेवटी आजारपणातच माणसाला माणसाची किंमत कळते." उद्यापासून तो दुप्पट गोबो पाठवणार आहे.

सायंकाळी राजवैद्य केइआन भेटले. दोन तारखेपर्यंत काडीसारखे असलेले हे गृहस्थ आता गालांवर तकाकी घेऊन फिरत आहेत. रुग्ण बरा होऊ लागला की वैद्याच्या मुखावर कसे तेज चढते, याचे हे मूर्तिमंत उदाहरण. मी गोबोची वार्ता सांगितली, तेव्हा ते भिंतीला टेकले आणि क्षीण स्वरात म्हणाले की रुग्णाला गोबो आता पुरे झाला. मी म्हणालो, आचाऱ्याचे हृदय मोडणे माझ्या अधिकारकक्षेबाहेर आहे.

दिवस आठवा.

प्रधानजींनी पाचारण केले. माझ्या निष्ठेची त्यांनी एवढी प्रशंसा केली की मला संकोच वाटला. थोडाच, पण वाटला. मग ते म्हणाले की चौकशी अवश्य व्हावी, पण सावकाश व्हावी. विसाव्या तारखेपर्यंत झाली तरी चालेल.

"घाई कसली, हिबिनो? मीठ कुठं पळून जात नाही."

"प्रधानजी, पळून गेलंय म्हणूनच तर चौकशी आहे."

त्यांनी काही काळ पंख्याने वारा घेतला. मग म्हणाले की कोणी शत्रूने मीठ विहिरीत तर ओतले नसेल? माझ्या सूक्ष्म बुद्धीला हे सुचले नव्हते, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करतो. प्रासादाच्या आवारात चौदा विहिरी आहेत. प्रत्येकीचे पाणी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी चाखून त्यांची तुलना करण्याची आज्ञा झाली.

दिवस नववा.

पोट बिघडले आहे. नवव्या विहिरीत बेडूक होता.

दिवस दहावा.

अंथरुणातून लिहीत आहे. पत्नी ओतेइ उशाशी बसून कांजी भरवीत होती. ती लोहाराची कन्या असल्याने तिचे बोलणे घणासारखे पडते. तिने विचारले की चौकशी कुठवर आली. मी म्हणालो, राजकार्य गोपनीय असते. ती म्हणाली, दैनंदिनी उशीखाली ठेवलीत तर गोपनीय कसं राहील.

मग तिने अकस्मात एक विचित्र प्रश्न केला.

"अहो, सहाव्या महिन्याच्या उकाड्यात एखादा मोठा मासा दहाबारा दिवस ठेवायचा असला, तर कशात ठेवाल?"

मी म्हणालो की प्रश्न सुलभ आहे. प्रथम मीठ, भरपूर मीठ. ओलावा शोषण्यासाठी वाळलेला चहा. वर घट्ट झाकण. आणि शेजाऱ्यांची कुरकुर होऊ नये म्हणून धूप. एवढे सांगून मी मत्स्यरक्षणाच्या पाच पद्धतींचे विवेचन आरंभले. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. इतकी वाट तिने लग्नाच्या दिवशीही माझी पाहिली नव्हती. पाचवी पद्धत संपली.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय? मासा कुठे आहे?"

तिने कांजीचा वाडगा उचलला. "काही नाही. झोपा."

स्त्रियांची बुद्धी चंचल. राज्य संकटात आहे, नवरा आजारी आहे, आणि हिला मासे सुचतात.

दिवस बारावा.

प्रकृती सुधारली आणि तपासाला विलक्षण कलाटणी मिळाली.

विहिरींचा अहवाल देण्यास निघालो असता द्वारपालाच्या नोंदीवर सहज दृष्टी गेली. तीन तारखेस पिंपकारांच्या गल्लीतून एक मोठे लाकडी पिंप अंतर्गृहात आले आहे! मी तत्क्षणी त्या पिंपकाराच्या दुकानी गेलो. त्याने हातांनी माप दाखवले. मध्यम बांध्याचा मनुष्य आत गुडघे पोटाशी घेऊन सहज बसेल एवढे. मी विचारले, अशी पिंपे लोक कशासाठी घेतात?

"दोनच कामांना जातात, साहेब. एक लोणच्याला. दुसरं काम तुमच्याकडे झालं असतं तर दारावर दुखवट्याची पाटी लागली असती." आणि तो हसला. मीही सभ्यतेखातर हसलो.

घरी परतताना वाटेत एका अंगणात स्त्रिया उमे फळे मिठात खारवत होत्या. मी रस्त्यातच थांबलो. सहावा महिना! लोणच्याचा महिना! मीठ तीन गोण्या, पिंप एक, आंबूस वास झाकण्यासाठी धूप, आणि अंतर्गृहात कोणालाही प्रवेश नाही. सर्व सूत्रे एका बिंदूत मिळाली.

महाराज लोणचे घालीत आहेत.

रुग्णशय्येवर पडल्यापडल्या कंटाळलेल्या या थोर पुरुषाला काहीतरी हाताने करावेसे वाटले असणार. जिभेची रुची पालटली याचा पुरावा गोबो. परंतु संस्थानाधिपतीने मिठात हात घालणे हे कुळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणून प्रधानजी, वैद्यबुवा आणि दाई हे तिघे मूग गिळून बसले आहेत. ज्यांचे मीठ खाऊन मी वाढलो त्यांनीच आपले मीठ घेतले, तर त्याला चोरी म्हणावे काय?

उद्या प्रधानजींना भेटून माझे मौन अर्पण करीन.

दिवस तेरावा.

हा दिवस मी आमरण विसरणार नाही.

प्रधानजी आणि वैद्यबुवा एकत्रच बसले होते. मी दार लोटून घेतले, मस्तक भूमीला लावले आणि म्हणालो, "त्या पिंपात काय आहे ते मला कळलं आहे."

वैद्यबुवांच्या हातातला खल निसटून चटईवर गडगडत गेला. प्रधानजी हलले नाहीत. परंतु त्यांचा हात हळूहळू तलवारीकडे सरकला. आपल्या धन्याच्या अब्रूसाठी ते एका सहकाऱ्याचा शिरच्छेद करण्यास सिद्ध होते! माझा ऊर अभिमानाने भरून आला.

"आणखी कोणाला सांगितलंत?" त्यांनी विचारले.

"कोणालाच नाही. सांगणारही नाही. महाराजांनी उमेचं लोणचं घातलं म्हणून त्यांचा मोठेपणा माझ्या नजरेत तसूभर कमी होत नाही."

बाहेर रातकिडे ओरडत होते. मग वैद्यबुवांना खोकल्याची उबळ आली आणि ते तोंडावर बाही धरून भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. प्रधानजींनी तलवारीवरचा हात काढला, दोन्ही तळवे चटईवर टेकले, आणि मला, पादत्राणरक्षकाला, त्यांनी नमस्कार केला.

"हिबिनो," ते म्हणाले, "सोळा तारखेला परीक्षक येतील, तेव्हा महाराजांच्या प्रकृतीची साक्ष द्यायला एक माणूस लागेल. मी आठ दिवस शोधतोय. खोटं बोलताना ज्याचा आवाज कापणार नाही असा एकही मिळत नव्हता."

मी म्हणालो की मला खोटे बोलताच येत नाही.

"तेच," प्रधानजी म्हणाले.

साक्षीदाराने रुग्णास पाहिले असले पाहिजे, म्हणून मला तत्काळ अंतर्गृहात नेण्यात आले. धुपाचा धूर एवढा दाट की प्रधानजींची बाही धरून चालावे लागले. घडीच्या पडद्यामागे अंथरूण होते. कोपऱ्यात कुलचिन्हांकित वस्त्राने झाकलेले ते पिंप. मी तिकडे मुळीच पाहिले नाही, हे दाखवण्यासाठी छताकडे पाहिले. वैद्यबुवा माझ्या आधीच पडद्यामागे शिरले होते.

"गेन्पाची आला आहे," प्रधानजी म्हणाले.

"हं," पडद्यामागून महाराज म्हणाले.

आजाराने स्वर पालटला आहे. किंचित वैद्यबुवांसारखा वाटला. दीर्घ सहवासाने असे होते. पण तो एक हुंकार ऐकला आणि माझे अकरा दिवसांचे धैर्य सुटले. जे बोलायचे नव्हते ते बोलून गेलो. सात वर्षांपूर्वी, शोगुनांच्या गडाच्या द्वारी, मुसळधार पावसात मी महाराजांची छत्री उघडली आणि तीतून चिमणीचे घरटे त्यांच्या मस्तकावर पडले. तीस संस्थानिक पाहत होते. दुसऱ्या धन्याने माझे पोट फाडवले असते. महाराज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, छत्री मिटवायला लावली, आणि ते घरटे बाहीखाली धरून भिजत भिजत गडात गेले. मी म्हणालो, महाराज, त्या दिवशी क्षमा मागायची राहिली. आज मागतो. लवकर बरे व्हा. छत्र्या मी आता रोज झटकतो.

कोपऱ्यात, पिंपापाशी बसलेली ओमाकी हुंदके देत होती. थोड्या वेळाने महाराज पुन्हा "हं" म्हणाले. या वेळी स्वर ओला होता.

दिवस पंधरावा.

काझुए साहेब धुळीने माखून येऊन पोहोचले. सुस्वभावी तरुण आहेत. अंतर्गृहात जाऊन आले ते पांढरेफटक होऊन, आणि सोप्याच्या कडेला बराच वेळ वाकून उभे राहिले. प्रवासाचा शीण.

उद्याचे परीक्षक शिनोत्सुका ओकी. त्यांचा लौकिक भयंकर आहे. गेल्या वर्षी एका संस्थानात त्यांनी पडदा बाजूला सारायला लावला म्हणे, आणि आज त्या संस्थानाचे लोक पुलाखाली राहतात. प्रधानजींनी दिवसभरात काही खाल्ले नाही. मी त्यांना धीर देत म्हणालो, पडदा सारला तरी भय कशाचे? महाराज तर आहेतच.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दिवस सोळावा.

सर्व तपशील लिहून ठेवतो. भावी पिढ्यांना उपयोगी पडेल.

परीक्षक शिनोत्सुका ओकी हे साठीचे, कृश, आणि नाक अतिशय लांब असलेले गृहस्थ. त्या नाकाने अंतर्गृहाच्या उंबऱ्यावर एकदाच श्वास घेतला आणि ते थबकले. मग त्यांनी पंखा उघडून मुखासमोर धरला, तो अखेरपर्यंत मिटवला नाही. ते आसनस्थ झाले. समोर पडदा, पडद्याच्या एका बाजूस प्रधानजी, दुसऱ्या बाजूस ओमाकी, मागे काझुए साहेब. वैद्यबुवा नेमके या प्रसंगी कुठे दिसले नाहीत. औषध उगाळीत असावेत.

परीक्षक म्हणाले की दत्तकाची याचिका वाचली. परंतु रुग्ण शुद्धीवर आहे याची खात्री झाल्याविना आपण मुद्रेची साक्ष देणार नाही. कोणी तटस्थ मनुष्य त्यांच्याशी बोलला आहे काय?

मला पुढे आणण्यात आले. तीनशे कुटुंबे माझ्या जिभेवर बसली आहेत, याची जाणीव मला होती. तरी स्वर कापला नाही. कापावा कशाला?

"तुमचे महाराज हयात आहेत?"

"आहेत. तीन दिवसांपूर्वीच माझ्याशी बोलले."

"काय बोलले?"

"हं, असं म्हणाले. दोनदा."

पंख्यामागे काहीतरी हलले. त्यांनी विचारले, अन्नपाणी घेतात का? मी चौदा दिवसांच्या ताटांची यादी मुखोद्गत म्हणून दाखवली. वाम माशापाशी परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. गोबोपाशी त्यांनी डोळे मिटून घेतले.

येथे मला वाटले की नुसत्या शब्दांनी इतक्या चिकित्सक पुरुषाचे समाधान होणार नाही. प्रत्यक्ष प्रमाण हवे. शिवाय आता लपवण्यासारखे काय होते? परीक्षक हे घरच्यासारखेच. म्हणून मी म्हणालो, "महोदय, महाराजांच्या हातांत किती बळ आहे याचा पुरावा याच खोलीत आहे. आजारपणात त्यांनी स्वतः लोणचं घातलंय. त्या पिंपात. आज्ञा झाली तर झाकण काढून थोडं चाखायला आणतो."

आणि मी उठलोही. प्रधानजींच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला, नाकाच्या शेंड्याशी आला आणि तेथे लोंबकळत राहिला. काझुए साहेबांनी डोळे मिटले. ओमाकी म्हातारपणाला न शोभणाऱ्या वेगाने सरकून पिंपाला पाठ लावून बसली. पडद्यामागच्या अंथरुणात महाराज स्वतः दचकल्याचे मला स्पष्ट जाणवले. आपले गुपित असे चारचौघांत फुटल्याची लाज वाटली असणार.

परीक्षकांनी पिंपाकडे पाहिले. मग ओमाकीकडे. मग बराच वेळ माझ्याकडे. माझ्या आयुष्यात मला इतके लक्षपूर्वक कोणी पाहिलेले नाही. त्यांना मी काय दिसलो ते कळायला मार्ग नाही.

"नको," ते शेवटी म्हणाले. "मी लोणचं खात नाही."

"थोडंसंच..."

"वैद्यानं मना केलंय. बसा, हिबिनो. तुमची साक्ष पूर्ण झाली. तीस वर्षं साक्षी ऐकतोय. इतकी खरी साक्ष ऐकली नव्हती." आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "मुद्रा."

पडद्याखालून एक हात बाहेर आला. पुष्ट, गुलाबी, सुदृढ हात. अंगठ्यावर औषधाचा हिरवा डाग, वैद्यबुवांच्या अंगठ्यावर असतो तसाच. औषध देणाऱ्याघेणाऱ्या दोघांनाही लागत असेल. हाताने मुद्रा उचलली, दत्तकपत्रावर दाबली, आणि घाईने आत गेला.

"चौदा दिवसांच्या आजारानंतर हाताला चांगलं बाळसं आहे," परीक्षक म्हणाले.

"गोबो," मी म्हणालो.

त्यांनी साक्षीच्या ओळीत सही केली. कागद गुंडाळून काझुए साहेबांच्या हाती दिला. निघताना त्यांनी पंखा खाली घेतला, दोन्ही हात जोडले आणि खोलवर वाकून नमस्कार केला. परंतु उष्म्याने दिशाभ्रम झाला असावा. कारण अंथरुणाकडे तोंड करण्याऐवजी त्यांनी नमस्कार केला तो कोपऱ्यातल्या पिंपाला.

"आता विश्रांती घ्या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "फार थांबायला लावलं तुम्हाला."

प्रधानजी त्यांना पोहोचवायला गेले आणि द्वारापाशीच, पायरीवर, लहान मुलासारखे बसले. मीही बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी म्हणालो, थोडं लोणचं चाखलं असतं तर आणखी खूश होऊन गेले असते. ते म्हणाले, "हिबिनो, आता एक शब्दही बोलू नका," आणि पुन्हा मिठी मारली.

दिवस सतरावा.

आज पहाटे महाराज गेले.

काय लिहू. कर्तव्य संपेपर्यंत थांबले आणि कर्तव्य संपताच गेले. मुद्रा उमटवणारा तो हात काल किती बलवान होता! दिवा विझताना मोठा होतो म्हणतात ते असे. वैद्यबुवांना एवढा धक्का बसला आहे की त्यांनी दिवसभर केवळ पाणी घेतले, आणि जिन्बेईने त्यांच्यापुढे गोबोचे वाडगे ठेवले तेव्हा ते खोली सोडून गेले. मी महाराजांचे दर्शन मागितले. ओमाकीने मला आत नेले, पिंपासमोर बसवले आणि म्हणाली, बोला काय बोलायचं ते. मला तिचा हेतू कळला. त्यांची शेवटची हस्तकृती. मी पिंपावर हात ठेवला. लाकूड थंड होते. मी लहान मुलासारखा रडलो, आणि त्या म्हातारीने माझ्या पाठीवर हात फिरवला.

चौकशीचा अहवाल सादर केला: "मीठ महाराजांच्या वैयक्तिक उपयोगास लागले." प्रधानजींनी तो दोनदा वाचला, आणि म्हणाले की यातला एकही शब्द बदलण्याची गरज नाही.

घरी आल्यावर पत्नीने पाय धुवायला पाणी दिले. तिने आजवर कधी दिले नव्हते. "तुम्ही होतात म्हणून वाचलो सगळे," ती म्हणाली. मी म्हणालो, मीठचोराचा छडा लावला म्हणून का?

"हो," ती म्हणाली. "त्याचसाठी." आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. धुराने तिचे डोळे ओले झाले होते.

दिवस एकोणिसावा.

काझुए साहेब आता महाराज झाले. त्यांनी मला अंत्ययात्रेत श्वेत कंदील धरून अग्रभागी चालण्याचा मान दिला आहे, आणि दरबारी काळी टोपी घालण्याचा अधिकार. हिबिनो कुळात हा सन्मान प्रथमच आला.

परंतु एक बाब नोंदवणे प्राप्त आहे. दुखवट्याचे पन्नास दिवस मस्तकाचे क्षौर वर्ज्य आहे. तीन दिवसांतच कपाळापासून टाळूपर्यंत बोटाने चाचपल्यास टोचतील असे खुंट उगवले आहेत, आणि टोपी मस्तकावर न बसता त्या खुंटांवर तरंगते. मान हलवली की ती डाव्या कानावर येते. कंदील दोन्ही हातांनीच धरावा असा दंडक असल्याने ती सावरता येत नाही, आणि आतून एवढी खाज सुटते की रडू येते; त्यामुळे आजच्या तालमीत लोकांना माझे दुःख प्रत्यक्षाहून अधिक वाटले. टोपीला हनुवटीखालून बंद लावण्याची लेखी अनुमती मी काल मागितली. वस्त्रभांडार म्हणते, टोपी हा शिरोभूषण विभागाचा प्रश्न. शिरोभूषण विभाग म्हणतो, बंद हे वस्त्र आहे. यात्रा उद्या सकाळी आहे, आणि दोन्ही विभागांचे लोक आज जेवायला गेले ते अजून परतलेले नाहीत.